२४३ इडा: चंद्र सापडला म्हणून वजन कळलेला लघुग्रह

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या ज्ञात लघुग्रहांची संख्या आता लाखांत गेली आहे. त्यातल्या बहुतेकांची माहिती दोन ओळींत संपते: कक्षा अशी, तेज इतकं, रंग साधारण असा. व्यास विचारला तर अंदाज मिळतो, वजन विचारलं तर बहुतेक वेळा तोही धड मिळत नाही. २४३ क्रमांकाचा इडा शंभराहून अधिक वर्षं याच गर्दीत होता. मग एका यानाने काढलेल्या फोटोत त्याच्या शेजारी एक बारकासा ठिपका दिसला. नुसत्या इडाकडे कितीही पाहत बसलं असतं तरी जे प्रश्न सुटले नसते, ते या ठिपक्यामुळे सुटायला लागले.

इडाचा शोध २९ सप्टेंबर १८८४ रोजी व्हिएन्नाच्या वेधशाळेत योहान पालिसा यांनी लावला. या कामात फोटोग्राफी तेव्हा अजून आलेली नव्हती. आकाशाच्या एका तुकड्याचा तारकानकाशा घ्यायचा, दुर्बिणीतून दिसणारा एकेक ठिपका त्याच्याशी ताडून पाहायचा, आणि नकाशात नसलेला ठिपका आढळला की पुढच्या रात्री तो कुठे आहे ते बघायचं. तारा असेल तर जागेवरच राहील. लघुग्रह असेल तर आजूबाजूच्या ताऱ्यांमधून थोडा सरकलेला दिसेल. अशा बऱ्याच नोंदी जमल्या की कक्षेचं गणित करता येतं, आणि कक्षा पक्की झाली की क्रमांक मिळतो. पालिसांनी हे काम १८७४ ते १९२३ असं जवळपास अर्धं शतक केलं आणि १२२ लघुग्रह शोधले. फोटोची मदत न घेता, केवळ दुर्बिणीला डोळा लावून इतके लघुग्रह दुसऱ्या कुणालाही सापडलेले नाहीत. हायडलबर्गच्या माक्स वोल्फ यांनी १८९१ मध्ये फोटोच्या काचेवर पहिला नवा लघुग्रह पकडला आणि पालिसांची पद्धत मागे पडू लागली. पालिसांनी मात्र ती सोडली नाही.

शोधणारे पालिसा असले तरी ‘इडा’ हे नाव मोरिट्झ फॉन कुफनर यांनी सुचवलं. कुफनर हे व्हिएन्नातले बिअरचे कारखानदार आणि हौशी खगोलप्रेमी. हौसही साधीसुधी नाही, त्याच सुमारास त्यांनी शहरात स्वतःची वेधशाळा बांधायला घेतली होती. ग्रीक पुराणकथांमध्ये इडा ही क्रीट बेटावरची अप्सरा. बाळ झ्यूसला तिने सांभाळलं अशी कथा आहे. क्रीटमधल्या एका पर्वताचंही हेच नाव आहे. त्या काळी लघुग्रहांना पुराणांतल्या स्त्रियांची नावं द्यायची पद्धत होती, आणि पुराणं फक्त ग्रीक-रोमनच असली पाहिजेत असा हट्ट राहिला नव्हता. इडानंतर जेमतेम पंधरा दिवसांनी पालिसांनाच सापडलेल्या २४४ क्रमांकाच्या लघुग्रहाचं नाव आहे सीता. रामायणातलीच.

नावांवरून एक मजेशीर प्रकरण सांगायलाच हवं. ऑगस्ट १८८६ मधलं खग्रास सूर्यग्रहण पाहायला जाण्यासाठी पालिसांना पैसे हवे होते, म्हणून त्यांनी लघुग्रहाला नाव ठेवण्याचा हक्क ५० पौंडांना विकायला काढला. बँकर अल्बर्ट फॉन रॉथशिल्ड यांनी असा हक्क विकत घेऊन २५० क्रमांकाच्या लघुग्रहाला पत्नीचं नाव दिलं: बेटिना. आज ‘ताऱ्याला तुमचं नाव द्या’ म्हणत प्रमाणपत्रं विकणारे असतात, त्यांना कसलाही अधिकृत आधार नाही. पालिसांच्या विक्रीला निदान तो होता.

आता हे चालत नाही. नावं आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या समितीकडून मंजूर व्हावी लागतात. क्रमांक मिळाल्यावर दहा वर्षं नाव सुचवण्याचा मान शोधकर्त्याला असतो. नाव रोमन लिपीत १६ अक्षरांच्या आत बसलं पाहिजे, जाहिरातबाजी नको, पाळीव प्राण्यांची नावं शक्यतो नकोत. राजकारण किंवा लष्कर यामुळे प्रसिद्ध झालेली व्यक्ती असेल तर तिच्या मृत्यूला १०० वर्षं झालेली असावी लागतात. हा शेवटचा नियम ज्याने सुचवला त्याच्या दूरदृष्टीचं मला कौतुक वाटतं.

नावाआधी तात्पुरती ओळख असते, आणि ती वाचायला शिकणं सोपं आहे. इडाच्या नोंदींमध्ये ‘१९८८ डीबी१’ अशी एक ओळख आढळते. वर्ष उघड आहे. पहिलं अक्षर पंधरवडा सांगतं: ए म्हणजे जानेवारीचा पूर्वार्ध, बी उत्तरार्ध, सी फेब्रुवारीचा पूर्वार्ध, डी उत्तरार्ध. पुढचं अक्षर त्या पंधरवड्यातला अनुक्रम. आय हे अक्षर एकासारखं दिसत असल्याने वगळतात, म्हणून एका फेरीत २५ अक्षरं होतात. फेरी संपली की पुन्हा ए पासून सुरुवात आणि शेजारी १ हा आकडा. म्हणजे बी१ हा त्या पंधरवड्यातला सत्ताविसावा. शंभर वर्षांपूर्वीच नाव-क्रमांक मिळालेल्या लघुग्रहाला १९८८ ची ओळख कशी, असं वाटेल. एखादा ठिपका नवा समजून नोंदवला जातो आणि पुढे कक्षा जुळवल्यावर तो जुनाच निघतो. लघुग्रहांच्या वहीत असं वारंवार घडतं.

इडा सूर्यापासून सरासरी ४३ कोटी किलोमीटरवर आहे, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या २.८६ पट. एक फेरी पूर्ण करायला त्याला ४.८४ वर्षं लागतात. कक्षा बऱ्यापैकी गोल आहे आणि पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी तिचा कल जेमतेम एक अंशाचा. मंगळ आणि गुरू यांच्यामधला हा मुख्य पट्टा म्हटलं की दगडांची दाटी डोळ्यांसमोर येते, कारण चित्रपटांनी ती तशी दाखवली आहे. खरं तर तो पट्टा जवळजवळ रिकामा आहे. तिथल्या सगळ्या लघुग्रहांचं वस्तुमान एकत्र केलं तरी आपल्या चंद्राच्या तीनेक टक्केच भरतं, आणि त्यातलाही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाटा एकट्या सेरेसचा, म्हणजे पट्ट्यातल्या सर्वांत मोठ्या पिंडाचा. यानं या पट्ट्यातून आजवर निर्धास्त गेली आहेत. एखाद्या लघुग्रहाजवळून जायचं असेल तर उलट मुद्दाम वाट वाकडी करावी लागते.

या गर्दीत घराणी आहेत. जपानी खगोलशास्त्रज्ञ कियोत्सुगु हिरायामा यांनी १९१८ मध्ये कक्षांचे आकडे मांडून पाहिले तेव्हा काही लघुग्रह ठरावीक आकड्यांभोवती घोळक्याने आढळले. सूर्यापासूनचं सरासरी अंतर, कक्षेचा लांबटपणा आणि कल, तिन्ही गोष्टी एकमेकांशी जुळतात. हे योगायोगाने होत नाही. एक मोठा लघुग्रह धडकेत फुटला आणि त्याचे तुकडे साधारण त्याच कक्षेत फिरत राहिले, हे त्याचं स्पष्टीकरण. हिरायामांनी ओळखलेल्या पहिल्या घराण्यांपैकी एक आहे कोरोनिस घराणं, आणि इडा त्याचा सदस्य. म्हणजे आपण ज्याला एक लघुग्रह म्हणतो तो मुळात एका फुटलेल्या पिंडाचा तुकडा आहे. ती मोडतोड दोनेक अब्ज वर्षांपूर्वी झाली असावी असं मानतात.

पृथ्वीवरून इडा हा मोठ्या दुर्बिणीतही ठिपकाच. तरी त्या ठिपक्याचं तेज नियमितपणे कमीजास्त होतं, कारण लांबट वस्तू फिरताना कधी आडवी दिसते तर कधी टोकाकडून. त्यावरून इडा चांगलाच लांबुळका आहे आणि ४ तास ३८ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो हे यान जाण्याआधीच माहीत होतं. बाकी सगळं कळलं ते गॅलिलिओ यानामुळे.

गॅलिलिओ निघालं होतं गुरूकडे. ऑक्टोबर १९८९ मध्ये त्याचं उड्डाण झालं. वेग मिळवण्यासाठी शुक्र आणि पृथ्वीला वळसे घालत जाताना त्याला पट्ट्यातून दोनदा जावं लागणार होतं, मग वाटेतले दोन लघुग्रह पाहून घ्यायचं ठरलं. पहिला गास्प्रा, ऑक्टोबर १९९१ मध्ये. यानाने जवळून पाहिलेला तो पहिलाच लघुग्रह. दुसरा इडा. २८ ऑगस्ट १९९३ रोजी गॅलिलिओ त्याच्यापासून सुमारे २,४०० किलोमीटरवरून, सेकंदाला १२ किलोमीटरहून अधिक वेगाने निघून गेलं.

फोटो काढले गेले, पण पाठवायचे कसे? यानाचा छत्रीसारखा उघडणारा मुख्य अँटेना एप्रिल १९९१ मध्ये उघडतानाच अडकला होता. छोट्या अँटेनावरून माहिती येत होती सेकंदाला जेमतेम ४० बिट या वेगाने. कॅमेऱ्याचं एक पूर्ण चित्र ८०० गुणिले ८०० बिंदूंचं, प्रत्येक बिंदूला ८ बिट. गुणाकार-भागाकार केला तर एका चित्राला साधारण दीड दिवस. त्यामुळे सप्टेंबर १९९३ मध्ये सर्वांत चांगली मोजकी चित्रं उतरवून घेतली आणि बाकीची यानावरच्या टेपवर राहू दिली. १९९४ च्या सुरुवातीला यान आणि पृथ्वी यांच्यातलं अंतर सोयीचं झालं तेव्हा उरलेला माल उतरवायला घेतला. तोही काटकसरीने: आधी प्रत्येक चित्रातल्या मधूनमधूनच्या काही ओळी मागवायच्या, इडा चौकटीत कुठे आहे ते पाहायचं आणि मग तेवढाच भाग मागायचा.

१७ फेब्रुवारी १९९४ रोजी मोहिमेतल्या अ‍ॅन हार्च या ओळी तपासत होत्या. इडाच्या बाजूला त्यांना आणखी काहीतरी चमकलेलं दिसलं. तारा? कॅमेऱ्यावर आदळलेला एखादा कण? इतर चित्रांतही ते योग्य त्या ठिकाणी सापडलं, आणि यानावरच्या अवरक्त उपकरणाच्या नोंदींमध्येही. तो इडाचा चंद्र होता. लघुग्रहांना चंद्र असू शकतात अशी शंका आधीही घेतली जायची, काही निरीक्षकांनी तसे दावेही केले होते, पण निर्विवाद पुरावा हा पहिलाच. सुमारे दीड किलोमीटर आकाराच्या या चंद्राला त्याच वर्षी डॅक्टिल हे नाव मिळालं. ग्रीक कथांमध्ये डॅक्टिल नावाचे पौराणिक जीव इडा पर्वतावर राहायचे.

आता वजनाकडे येऊ. कोणत्याही खगोलीय पिंडाचं वस्तुमान मोजायचं तर त्याचं गुरुत्वाकर्षण दुसऱ्या कशावर तरी चाललेलं दिसावं लागतं. यान जवळून गेलं तर त्याची वाट किंचित वाकते, आणि त्या वाकण्यावरून वस्तुमान काढता येतं. पण गॅलिलिओ इतक्या वेगात आणि इतक्या लांबून गेलं की इडासारख्या छोट्या पिंडाचा ओढा त्याच्यावर मोजण्याइतका जाणवलाच नाही. चंद्र मात्र सतत इडाच्याच ताब्यात असतो. तो किती अंतरावर आहे आणि किती वेगाने फिरतो हे कळलं की केप्लरच्या कक्षांविषयीच्या नियमातून वस्तुमान बाहेर पडतं.

इथे एक अडचण होती. गॅलिलिओची भेट काही तासांची, आणि ते डॅक्टिलच्या कक्षेच्या पातळीतूनच जवळजवळ आडवं पाहत होतं. त्यामुळे कक्षा एकच निश्चित करता आली नाही. पण शास्त्रज्ञांनी यातून काढलेली वाट मला या सगळ्या गोष्टीतली सर्वांत हुशारीची वाटते. इडाचं वस्तुमान कमी धरलं, तर त्याच निरीक्षणांतून डॅक्टिलची कक्षा फार मोठी येते, किंवा तो सुटून निघून जाताना दिसतो. जास्त धरलं, तर कक्षा इतकी चपटी येते की डॅक्टिल इडाच्या अगदी जवळून जातो आणि फार दिवस टिकू शकत नाही. मधल्याच काही आकड्यांना तो सुखाने फिरतो. १९९४ मध्ये हबल दुर्बिणीनेही इडाकडे आठ तास पाहिलं आणि तिला डॅक्टिल दिसला नाही. तो ७०० किलोमीटरपेक्षा लांब असता तर दिसला असता. न दिसण्याचाही असा उपयोग झाला. या दोन बाजूंच्या कात्रीतून घनता निघाली ती दर घन सेंटिमीटरला २.१ ते ३.१ ग्रॅमच्या दरम्यान, मधला आकडा २.६. वस्तुमान साधारण ४२ लाख कोटी टन.

ऐकायला हा आकडा प्रचंड आहे, पण ग्रहांच्या हिशेबात तो काहीच नाही. इडाची लांबी सुमारे ६० किलोमीटर, रुंदी २५ आणि जाडी १९. आकार वेडावाकडा आणि गरगर फिरणं, त्यामुळे पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नाही. ६० किलोच्या माणसाचं वजन तिथे जागेनुसार २० ते ६५ ग्रॅमच भरेल. ताशी १०० किलोमीटर वेगाने फेकलेला चेंडू परत खाली येणार नाही.

घनतेचा आकडा इतका महत्त्वाचा का, हे समजायला एक जुनं कोडं पाहावं लागेल. पृथ्वीवर पडणाऱ्या अशनींपैकी जवळपास ८० टक्के ‘सामान्य कॉन्ड्राइट’ या प्रकारचे असतात. हे दगड कधीही पूर्ण वितळलेले नाहीत, सूर्यमालेच्या जन्माच्या वेळी जसे जमले तसेच राहिले आहेत. इतके सामान्य दगड म्हणजे त्यांचं उगमस्थानही सामान्य असायला हवं. पट्ट्याच्या आतल्या भागात सर्वांत जास्त आढळतात ते एस प्रकारचे (परावर्तित प्रकाशाच्या रंगावरून पाडलेला एक वर्ग) लघुग्रह, इडाही त्यातलाच. पण दोघांचे वर्णपट, म्हणजे कोणत्या रंगाचा प्रकाश किती परत येतो याचे आलेख, जुळत नव्हते. एस प्रकारचे लघुग्रह जास्त लालसर आणि फिके खनिज-पट्टे दाखवणारे. म्हणून एक गट म्हणायचा की हे लघुग्रह वितळून गेलेले, भरपूर लोखंड असलेले वेगळेच पिंड आहेत. दुसरा म्हणायचा की दगड तेच आहेत, फक्त वरचा थर बदलला आहे.

लोखंड भरपूर असतं तर घनता बरीच वर गेली असती. २.६ हा आकडा त्याला जागा देत नाही. सामान्य कॉन्ड्राइटच्या दगडाची घनता साडेतीनच्या आसपास असते, म्हणजे इडा त्याच दगडाचा आहे आणि आत भेगा-पोकळ्या आहेत, हे चित्र जास्त पटतं. फुटलेल्या पिंडाच्या तुकड्याला ते शोभतंही. गॅलिलिओच्या रंगीत चित्रांनी दुसरी बाजू पुरवली: इडावरच्या ताज्या विवरांभोवतीची माती कमी लालसर होती, जुना पृष्ठभाग जास्त. घासलेलं तांब्याचं भांडं उघड्यावर राहून काळवंडावं तसं काहीसं लघुग्रहांच्या पृष्ठभागाचं होतं. सौरवात (सूर्याकडून वाहत येणारे भारित कण) आणि बारीक धूलिकणांच्या माऱ्यामुळे खनिजांच्या कणांवर लोखंडाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि रंग बदलतो. याचा हातात धरता येईल असा पुरावा २०१० मध्ये मिळाला. जपानच्या हायाबुसा यानाने इतोकावा या एस प्रकारच्या लघुग्रहावरून धूळ आणली. ती सामान्य कॉन्ड्राइटचीच निघाली, आणि कणांवर लोखंडाचे ते सूक्ष्म ठिपकेही सापडले.

इडाचा पृष्ठभाग विवरांनी भरलेला आहे. त्यांना पृथ्वीवरच्या गुहांची नावं दिली आहेत: लास्को, मॅमथ, पोस्टोयना, स्टर्कफोंटाइन. अझुरा नावाचं विवर त्यातल्या त्यात ताजं दिसतं. कमी लालसर माती इडाभर पसरली ती बहुधा त्याच धडकेतून. मोठ्या प्रदेशांपैकी एकाचं नाव पालिसा, एकाचं व्हिएन्ना, आणि एकाचं पोला. व्हिएन्नाला येण्याआधी पोला या बंदरगावातच पालिसांनी आपले पहिले लघुग्रह शोधले होते.

ही विवरांची दाटी एक पेच निर्माण करते. इतकी विवरं जमायला पृष्ठभाग एक अब्ज वर्षांहून जुना हवा. पण डॅक्टिलएवढा छोटा पिंड इतका काळ धडका खात टिकणं कठीण. काही अंदाजांनुसार दहा कोटी वर्षांतच त्याचे तुकडे व्हायला हवेत. मग तो अजून आहे कसा? कोरोनिसचा मूळ पिंड फुटला तेव्हाच तो इडासोबत जन्मला असेल, किंवा नंतरच्या एखाद्या धडकेत इडातून उडाला असेल. असंही असू शकेल की तो मधल्या काळात फुटला आणि इडाभोवतीच फिरत राहिलेले त्याचे तुकडे हळूहळू पुन्हा एकत्र आले. मला हा शेवटचा पर्याय जास्त पटतो, कारण तो वय आणि आकार दोन्हींशी भांडत नाही. पण डॅक्टिलची नेमकी कक्षा हाती नसताना खात्रीने बोलता येत नाही.

लघुग्रहांचे चंद्र आज शेकड्यांनी माहीत आहेत. पृथ्वीवरच्या दुर्बिणीने १९९८ मध्ये युजिनिया या लघुग्रहाचा चंद्र टिपला, सिल्व्हिया या दुसऱ्या एकाला तर दोन निघाले. २०२३ मध्ये ल्युसी यान डिंकिनेश या लघुग्रहाजवळून गेलं तेव्हा त्याचा चंद्र एकमेकांना चिकटलेल्या दोन गोळ्यांचा निघाला. धक्का देऊन लघुग्रहाची वाट बदलता येते का हे पाहायला नासाने २६ सप्टेंबर २०२२ रोजी डार्ट यान आदळवलं तेव्हाही लक्ष्य म्हणून चंद्रच निवडला होता, डिडिमॉसभोवती फिरणारा डिमॉर्फॉस. एकट्या लघुग्रहाची सूर्याभोवतीची वाट अशा धक्क्याने इतकी कमी बदलते की ती मोजायला वर्षं गेली असती. डिमॉर्फॉसची फेरी ११ तास ५५ मिनिटांवरून अर्ध्या तासाहून अधिक घटली, आणि हे पृथ्वीवरच्या दुर्बिणींना साधारण दोन आठवड्यांत कळलं.